पास्कल ‘फक्त वर्गातली भाषा’ नव्हती

‘पास्कल ही विद्यार्थ्यांसाठी केलेली खेळण्यातली भाषा. तिच्यात गोटू (प्रोग्रॅममध्ये थेट दुसरीकडे उडी मारायची आज्ञा) नव्हतं, स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) धड हाताळता येत नसत, खरं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं नाही आणि सी ही भाषा आल्यावर ती संपली.’ पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल हा मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्यातला स्ट्रिंगचा मुद्दा तेवढा बराचसा खरा आहे.

आधी उद्देश. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात ही भाषा घडवली आणि 1970 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी दोन हेतू सांगितले होते: प्रोग्रॅमिंग शिस्तीने शिकवता यावं, आणि त्या काळच्या यंत्रांवर भरवशाचे, वेगवान कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) तयार व्हावेत. लोक पहिला हेतू लक्षात ठेवतात आणि दुसरा गाळतात. ईटीएचमधला कंपायलर तर पास्कलमध्येच लिहिलेला होता. खेळण्याने कोणी स्वतःचा कंपायलर लिहीत नाही.

गोटू पास्कलमध्ये होतं. फक्त उडी मारायच्या जागेचं लेबल आधी जाहीर करावं लागे. इफ, व्हाइल, रिपीट, केस या अटींच्या आणि पुनरावृत्तीच्या रचना हाताशी असल्यामुळे त्याची गरज क्वचितच पडे, एवढंच.

आता स्ट्रिंग. मूळ पास्कलमध्ये स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा ॲरे (रांग), आणि ॲरेची लांबी हा त्याच्या टाइपचाच (प्रकाराचाच) भाग होता. त्यामुळे 10 अक्षरांचा ॲरे घेणारी प्रोसीजर (एक ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) 20 अक्षरांचा ॲरे घेत नसे. लांबीगणिक वेगळी प्रोसीजर लिहावी लागे. संगणकशास्त्रज्ञ ब्रायन कर्निघन यांनी 1981 मध्ये याच मुद्द्यावर कडक टीका केली, आणि ती रास्त होती. भाग वेगवेगळे कंपाइल करण्याची सोय मूळ भाषेत नाही, ही त्यांची तक्रारही बरोबर होती. पण ही टीका मूळ व्याख्येवर होती. यूसीएसडी पास्कल या आवृत्तीने तोवर लांबी बदलणाऱ्या स्ट्रिंग आणि युनिट (वेगळे कंपाइल करता येणारे भाग) दिलेली होती. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 1983 च्या पास्कल मानकाच्या वरच्या पातळीत कोणत्याही लांबीचा ॲरे पॅरामीटर म्हणून देता येऊ लागला. पण अशा वाढीव सोयींमुळे प्रत्येक कंपायलरची बोली वेगळी झाली आणि कोड इकडून तिकडे नेणं जिकिरीचं ठरलं. माझ्या मते पास्कलची खरी जखम ही आहे. विरोधक मात्र नेमकी तीच सोडून देतात.

‘खरं सॉफ्टवेअर नाही’? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचा 1982 चा कोड वेब नावाच्या त्यांच्याच प्रोग्रॅमिंग पद्धतीत (इंटरनेटचं वेब नव्हे) लिहिलेला होता, त्यातून पास्कल प्रोग्रॅम तयार होई. फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीचा सुमारे तीन चतुर्थांश कोड पास्कलमध्ये होता. संगणक इतिहास संग्रहालयाने तो 2013 मध्ये खुला केला, कोणीही वाचावा. सुरुवातीच्या मॅकिंटॉशची प्रोग्रॅमरांसाठीची माहितीही पास्कलच्याच भाषेत दिलेली असे.

आणि ‘सी आल्यावर संपली’ हे तर तारखांशीच जुळत नाही. सी 1972 च्या सुमाराची. आंदेर्स हायल्सबेर्ग यांचा कंपायलर टर्बो पास्कल म्हणून बाजारात आला तो 1983 मध्ये, आणि पास्कलवरच आधारलेली डेल्फी 1995 मध्ये. फ्री पास्कल हा कंपायलर आजही मोफत मिळतो; उतरवून घ्या, जुना प्रोग्रॅम टाका, चालवून बघा.