स्टिरिओ सुधारताना आधी वायर बदलावी, हा सल्ला चुकीचा आहे

घरच्या स्टिरिओविषयीचा एक संदेश सध्या फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सुधारणेची सुरुवात स्पीकरच्या महागड्या वायरीपासून करावी, कारण ती शंभर तास वाजली की आवाज ‘उघडतो’; ॲम्प्लिफायरचे, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या यंत्राचे, वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो; सीडीच्या दर्जाचे संगीत अपुरे असते; आणि दहा वर्षांहून जुना ॲम्प्लिफायर टाकून द्यावा. हा संदेश वाचून माझ्या वडिलांनी आपला जुना संच मोडीत काढायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वायरीचा दावा सर्वांत निराधार आहे आणि घातकही, कारण स्पीकरवर खर्च व्हायचा पैसा त्यापायी वायरीत जातो. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा विजेला होणारा रोध मीटरमागे सुमारे 0.012 ओहम असतो. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर लागते, म्हणजे सुमारे 0.07 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे हा रोध एक टक्काही भरत नाही आणि त्यामुळे आवाजात होणारी घट 0.1 डेसिबलच्या (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) आत राहते. वायर फार लांब किंवा फार बारीक असेल तर फरक पडतो, हे मान्य. पण तेव्हाही जाड, साधी तांब्याची वायर पुरते. शंभर तासांनी आवाज ‘उघडण्या’ला तर कसलाच आधार नाही. स्पीकरच्या पडद्यासारखा हलून सैल होणारा भाग वायरीत नसतो. त्या काळात बदलते ती ऐकणाऱ्याच्या कानाची सवय. ज्याला शंका असेल त्याने कोणती वायर जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता, निदान पंधरा वेळा अदलाबदल करून पाहावे. मात्र दोन्ही वेळी आवाजाची पातळी नेमकी सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला भासतो.

वॅट दुप्पट केल्याने केवळ 3 डेसिबलची वाढ होते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

सीडीच्या अपुरेपणाविषयी 2007 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेला मेयर आणि मोरान यांचा लेख पाहावा. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवले आणि तेच सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ दर्जातून नेऊन ऐकवले, तेव्हा 554 पैकी 276 वेळा श्रोत्यांनी बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवून येईल तितकेच. 2016 मध्ये त्याच नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला आणि त्यात हे प्रमाण 52.3 टक्के निघाले. फरक अगदीच शून्य नाही, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. पण त्यासाठी चालता संच बदलण्याचे कारण नाही.

जुन्या ॲम्प्लिफायरविषयीच्या दाव्यात अर्धे सत्य आहे. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे, आत ओलसर द्रव्य असलेले सुटे भाग, कालांतराने सुकतात आणि गुणगुण ऐकू येऊ लागते. परंतु ते बदलता येतात.

खोलीचा या संदेशात उल्लेखही नाही, आणि मला सर्वाधिक चीड याचीच आली. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे चार मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज काही जागी फुगतो, काही जागी नाहीसा होतो, आणि कोपऱ्यातला स्पीकर तो आणखी फुगवतो. वडिलांच्या स्पीकरच्या पडद्याभोवतीच्या फोमच्या कडेचा भुगा झाला होता. ती कड बदलली, स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे घेतले आणि खर्जातला घुमारा निवळला. ॲम्प्लिफायर आणि वायर तीच आहे.