हाताने घडवलेला चाकू सोन्यासारखा असतो का?

“कारागिराने हाताने घडवलेला चाकू म्हणजे सोनेच, नग मोजके, दमास्कस पोलाद (थर जोडून घडवलेले नक्षीदार पोलाद) आणि हस्तिदंती मूठ दुर्मीळ, शिवाय कारागीर निवर्तला की किंमत आणखी चढते,” असा मजकूर सध्या हौशी संग्राहकांमध्ये फिरतो आहे. दाखला म्हणून कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडचे नामवंत चाकू-कारागीर बॉब लव्हलेस यांचे नाव दिलेले असते. त्यांच्या चाकूंना मोठी किंमत येते, हा दाखला खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

सोन्याला रोजचा दर असतो आणि कोणताही सराफ ते वजन करून घेतो. चाकूला असा दर नसतो. समजा, एखाद्याने हजार डॉलरला चाकू घेतला. तो विकायला काढला, तर व्यापारी स्वतःचा नफा आणि माल पडून राहण्याचा धोका वजा करूनच भाव सांगतो. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, हा साधा भेद या मजकुरात कुठेच नाही.

नग मोजके असणे पुरेसे नसते, मागणीही लागते. लव्हलेस यांच्या शिकारी चाकूची घडण पुढच्या पिढ्यांतील असंख्य कारागिरांनी गिरवली, म्हणून मूळ नगाला ती किंमत आली. वर्षाला वीसच चाकू करणारे, तितकेच मेहनती, पण अनोळखी कारागीर शेकड्यांनी आहेत. अमेरिकेतील प्रदर्शनांत काही नामवंतांचे चाकू चिठ्ठ्या टाकून विकले जातात, आणि चिठ्ठी लागलेला माणूस तोच नग लगेच चढ्या भावाने विकू शकतो. मात्र हा नफा चिठ्ठीचा असतो, वर्षानुवर्षे जपणुकीचा नव्हे.

दमास्कसचा मुद्दा तर पन्नास वर्षे जुना झाला. मेरीलँडचे चाकू-कारागीर बिल मोरान यांनी १९७३ साली थरांचे दमास्कस पोलाद प्रदर्शनात मांडले, तेव्हा ते अमेरिकी संग्राहकांना खरोखर अपूर्व होते. आज त्याच्या तयार पट्ट्या विकत मिळतात आणि पाकिस्तानातून स्वस्त दमास्कस चाकूंचे ढीग येतात. (पात्यावरची नक्षी पाहून भाव ठरवणारा खरेदीदार विक्रेत्याला फार प्रिय असतो.) हस्तिदंताचे तर उलटेच झाले आहे. अमेरिकेत ६ जुलै २०१६ पासून आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराज्य व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली आणि कॅलिफोर्नियाने त्याच महिन्यापासून मॅमथ या नामशेष हत्तीसारख्या प्राण्याच्या दंतावरही निर्बंध घातले. भारतात तर हस्तिदंताचा व्यापारच बंद आहे, त्यामुळे तिकडे घेतलेला असा चाकू पुण्यात आणून विकण्याचा बेत कोणी करू नये. गिऱ्हाईकच कायद्याने कमी झाले, तर दुर्मीळपणाची किंमत देणार कोण?

उरला मृत्यूचा मुद्दा. कारागीर गेला की नगांची संख्या गोठते हे खरे, पण “हा माझाच” असे सांगणारा माणूसही जातो. लव्हलेस २०१० साली गेले. त्यांच्या नावाचे बनावट चाकू बाजारात असल्यामुळे आज जाणकार खरेदीदार आधी मूळ पावती, पत्रव्यवहार आणि मालकीची साखळी विचारतो. त्यातच पाते पुन्हा घासलेले असेल, किंवा चाकू वर्षानुवर्षे चामड्याच्या म्यानातच राहून पितळी भागावर हिरवा थर चढला असेल, तर कागदपत्रे चोख असूनही भाव खाली येतो.