पावणेनऊचा ख्याल

गाण्यातलं मला कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, रेडिओवर काहीतरी लागलं होतं. मी डोळे मिटून 'यमन' म्हणालो आणि निवेदिकेनेही नेमकं तेच सांगितलं. त्यानंतर वीस वर्षांत मला दुसरा राग ओळखता आलेला नाही. पण नाव झालं ते झालं.

म्हणून यंदा जळगावात एकाच संध्याकाळी तीन-चार ठिकाणी गाण्याचा महोत्सव ठरला, तेव्हा 'काय पाहायचं ते तुम्हीच सांगा' म्हणत सगळं घर माझ्याभोवती जमलं. साडूभाऊ तर तेवढ्यासाठी सुरतेहून ताप्ती लाईनने आले होते.

पत्रिका हातात घेतली आणि घाम फुटला. ऐकण्यासारखं जे जे होतं ते सगळं आठ ते दहाच्या आत कोंबलेलं. कारण साधं आहे. उघड्यावरचे भोंगे रात्री दहाला बंद करायचे, असा २००० सालापासूनचा नियम आहे. म्हणजे मागून दहाची भिंत. आणि पुढून दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार. त्यांना कुठल्याच नियमाचं बंधन नाही. गाणं मधे चेपलेलं.

मी वहीचं पान फाडून वेळापत्रक आखलं. सव्वाआठ, शिवतीर्थ मैदान: पावरी. पावणेनऊ, नाट्यगृह: ख्याल. सव्वानऊ, भाऊंचं उद्यान: अहिराणी गाणी. दहानंतर जुन्या जळगावात वहीगायन. पुढे 'चुकवू नये', 'जमल्यास' असे शेरे. ख्यालापुढे लिहिलं, 'चुकवू नये. वीस मिनिटं पुरे.' त्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. बायकोने तो पाहिला, सतरंजी काखेत मारली, शेवमुरमुऱ्याचा डबा घेतला आणि म्हणाली, "आम्ही दोघी बहिणी उद्यानात बसतो. तुम्ही या फिरत फिरत."

सव्वाआठला शिवतीर्थावर शाली चालू होत्या. एकेक पाहुणा उठायचा, नारळ घ्यायचा, फोटोसाठी थांबायचा. मी नारळ मोजत होतो. नऊ झाले. घड्याळात मात्र आठ चाळीस.

मग सातपुड्याकडून आलेला तो माणूस पावरी घेऊन उभा राहिला. वाळका भोपळा, बांबू आणि पुढे शिंग, एवढ्यावर ते वाद्य उभं असतं. त्याने ओठाला लावलं आणि मैदान गप्प झालं. नारळवाले पाहुणेसुद्धा. गडी दम तोडेना. साडूभाऊ मूळचे नवापूरकडचे. लहानपणी डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्र रात्र हे ऐकलेलं; त्यांचे डोळे भरून आले. मलाही आत काहीतरी हललं. नेमका तेव्हाच खिशातला कागद टोचला.

"चला, ख्याल आहे."

"थांबू ना जरा."

"वेळापत्रक आहे!"

ते नाही आले. मी एकटाच स्कूटरला किक मारून निघालो, आणि काव्यरत्नावली चौकात अडकलो. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली जळगावातून निव्वळ कवितेचं मासिक काढलं, त्याच्या नावाचा हा चौक. त्या रात्री तिथे जे ऐकू येत होतं ते सगळं गद्य होतं. त्यातली दोन वाक्यं माझी.

नाट्यगृहात शिरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बुवांनी विलंबित एकताल धरलेला. मात्रा बाराच, पण एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागतं. वीस मिनिटांत किती आवर्तनं होणार, हा हिशेब वेळापत्रक आखताना सुचायला हवा होता. बुवा खालच्या, मंद्रातल्या एकेका सुराला गोंजारत बसले, घाई कसलीच नाही. मी मात्र पार्सलची वाट पाहत असल्यासारखा पाय हलवतोय. ते गंधारापर्यंत आले आणि माझी वेळ संपली. पाच जणांचे गुडघे तुडवत बाहेर पडलो. शेजारच्या काकांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. बाहेर चपलेची डावी सापडली, उजवी शोधत होतो, तेवढ्यात दाराआड तार षड्ज, वरचा सा, लागला. आत जी 'वाहवा' उठली ती मी एका पायावर उभा राहून ऐकली.

उद्यानात पोचलो तेव्हा दहाला दोन कमी. शेवटचं गाणं रंगात आलेलं, म्हाताऱ्या बाया फेर धरून नाचत होत्या. मी जागा शोधून बसलो आणि ठोक्याला दहा वाजले. भोंगा बंद. गायकाचं तोंड हलत होतं, आवाज गेला होता.

"काय मस्त झालं हो!" बायको म्हणाली. मेहुणी तर मला अर्धा कार्यक्रम करूनच दाखवायला लागली. निदान खाऊन घ्यावं म्हणून भरताच्या स्टॉलवर गेलो. भरीत संपलं होतं. कळण्याची पुरी होती. नुसती. ती चावत उभा होतो तोच साडूभाऊंचा फोन आला: "साडूभाऊ, पावरीवाल्याने परत वाजवलं! तुम्ही कुठंयत?"

राहिली वही, म्हणजे ते वहीगायन. ती होती मंगल कार्यालयात, बंद दाराआड, माईकशिवाय, म्हणून तिला दहाची धास्ती नाही. डफाच्या ठेक्यावर कथा लावतात. रात्र संपते, कथा संपेलच असं नाही. म्हणजे इथे चुकण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्यांदाच कागद खिशात घातला, खांबाला पाठ टेकली, मांडी घातली. गणपतीला वंदन झालं. डफ वाजला.

"ऊठ भो, सतरंजी उचलनी शे."

बाहेर उजाडलं होतं. अमळनेरकडचा एक म्हातारा, खांद्याला डफ अडकवून, माझ्यावर वाकला होता. खुशीत होता.

"रातभर डोया मिटीसन आयकी राह्यनात तुम्ही," तो म्हणाला. "कशी वाटनी?"

मी पुन्हा डोळे मिटून म्हणालो, "यमन."