गाव ते तालुका पाच किलोमीटर, पण चालणाऱ्याने पाय ठेवायचा कुठे?

रस्ता झाला म्हणून नारळ फोडलात, फटाके वाजवलेत, चौकात फ्लेक्स लावलेत. आता एकदा त्याच रस्त्याने तालुक्याला जाऊन दाखवा. गाडीतून नाही, चालत. सकाळी नऊच्या सुमाराला, हातात एक जड पिशवी घेऊन.

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातलं कुठलंही गाव घ्या. तालुका चार-पाच किलोमीटरवर, म्हणजे धडधाकट माणसाची तासाभराची चाल. या वाटेवर हायस्कूलची पोरं असतात, बांधकामावरचे मजूर असतात, ग्रामीण रुग्णालयात बीपीच्या गोळ्या आणायला निघालेल्या म्हाताऱ्या असतात, बँकेने केवायसीसाठी तिसऱ्यांदा बोलावलेले आजोबा असतात. यातलं कुणी हौसेने चालत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास आहे. सगळं आहे, फक्त गाडी नाही! कोरोनात आणि २०२१-२२ च्या संपात बंद झालेल्या फेऱ्या कितीतरी गावांत परत आल्याच नाहीत. उरलं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप. ते भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरलं की दारात लटकावं लागतं. मग माणूस चालायला लागतो.

चालायला लागला की पहिला प्रश्न पायाखालीच उभा राहतो. दोन पदरी रस्त्याची गाड्यांसाठीची रुंदी सात मीटर. तिच्या दोन्ही कडांना असते ती साइडपट्टी. आमच्या भागात चालणाऱ्याचा फूटपाथ म्हणजे तीच, दुसरं काही कधी मिळालेलंच नाही. आणि कुठलाही रस्ता 'सुधारला' की पहिला बळी तिचाच जातो.

कसा जातो ते नीट बघा. जुन्या रस्त्यावर थर चढतात. काँक्रीटचा असेल तर आधी डीएलसी, म्हणजे कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा खालचा थर, मग वरचा जाड स्लॅब. रस्ता वीत-दीड वीत वर उचलला जातो आणि कड चाकूने कापल्यासारखी उभी राहते. आता त्या कडेपर्यंत मुरूम भरायचा असतो. पंधरा-वीस सेंटिमीटरचा एक थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. वरचा ढाळ रस्त्याच्या ढाळापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे पाणी न थांबता चारीत जातं. यात अवघड काय आहे? काहीच नाही. पण हे काम सगळ्यात शेवटी येतं. तोवर काँक्रीटचं बिल निघालेलं असतं, उद्घाटन उरकलेलं असतं, रोलर पुढच्या साइटवर गेलेला असतो. मग एक जेसीबी येतो, शेजारच्या चारीतली काळी माती उकरतो, कडेला ओढतो आणि बकेटच्या पाठीनेच दोन धपाटे घालतो. झाली साइडपट्टी!

काळी माती ती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. चप्पल रुतते, ओढायला गेलं की अंगठा तुटतो, आणि माणूस एक चप्पल पायात, एक हातात घेऊन उरलेले तीन किलोमीटर जातो. दोन पावसाळ्यांत माती वाहून जाते आणि काँक्रीटच्या कडेला घळ तयार होते. मागून हॉर्न वाजला की माणूस दचकून बाजूला होतो तो थेट त्या घळीत. घोटा मुरगळतो. म्हातारं माणूस असेल तर खुब्याचं हाड मोडतं, आणि गावात म्हणतात, 'चक्कर आली असेल.' चक्कर नाही हो, नऊ इंचांची पायरी आहे तिथे!

जिथे पट्टी शाबूत आहे तिथे वेडी बाभूळ. दिवाळीच्या आसपास 'काटेरी झुडपे काढणे' नावाचं काम निघतं. झुडपं तोडतात खरी, पण फांद्या उचलत नाहीत. ट्रकवाल्याला त्या लागत नाहीत, दुचाकीवाला वळसा घालतो. लागतात आम्हालाच. वेडी बाभळीचा वाळलेला काटा रबरी चपलेच्या तळातून सरळ वर येतो, आणि उपसायला गेलं की टोक आत मोडून राहतं. आठवडाभर पाय ठणकतो.

मग नोव्हेंबर येतो, कारखान्यांची धुराडी पेटतात आणि पुढचे चार-पाच महिने रस्ता ऊसवाल्यांचा होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. वर ड्रायव्हरने गाणी एवढ्या आवाजात लावलेली की तुमची हाक त्याच्यापर्यंत जाणं शक्य नाही. पहिली ट्रॉली गेली की माणसाला वाटतं सुटलो, आणि तो पाऊल उचलतो. मार दुसरीचा बसतो. ती जोडाला ढिली असते, रस्त्यातल्या खळग्यावर डावी-उजवीकडे झोले खाते आणि पहिलीपेक्षा हातभर जास्त बाहेर येते. म्हणून पोरांना एवढंच बजावा: ट्रॅक्टर आला की थांबायचं, दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे गेल्यावरच हलायचं. आणि खाली सांडलेल्या उसावर पाय द्यायचा नाही. कांडं पायाखाली गोल फिरतं, चिरडलेल्या उसाचा रस्त्यावर निसरडा थर बसतो.

आपल्याला शाळेत काय शिकवलं? डाव्या बाजूने चाला. फूटपाथ असलेल्या गल्लीत चाला की. पण फूटपाथ नसलेल्या रस्त्याला उजवीकडूनच चालायला हवं, म्हणजे जवळच्या बाजूची गाडी समोरून येते, दिसते, बाजूला होता येतं. डावीकडून चाललात तर मरण पाठीमागून येतं. आता यातली गंमत बघा. उजवीकडची साइडपट्टी दोनशे मीटर धड असते, मग तिथे पाइपलाइन खोदलेली असते. डावीकडे या. डावीकडे खडीचा ढीग. परत उजवीकडे. पाच किलोमीटरमध्ये हा भरधाव रस्ता किती वेळा ओलांडायचा? संध्याकाळी सहानंतर तर बोलायलाच नको. ताशी साठने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर कुठे दिसतो. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात दोन सेकंदही नाहीत. आणि समोरच्याने अप्पर तसाच ठेवला असेल तर तेवढेही नाहीत. अंगावर पांढरा टॉवेल घ्या, दप्तराला रेडियमची पट्टी चिकटवा, बॅटरी पायांवर मारत चाला. हे सगळं करा, कारण उपयोग होतो. पण हे सगळं आम्हीच करायचं?

ओढ्यावरचा पूल हा वेगळाच फास. रस्ता रुंद केला, पूल जुनाच ठेवला. साइडपट्टी पुलाच्या तोंडाशी संपते, कठडा थेट डांबराला चिकटलेला. पुलाच्या दोन्ही तोंडांना आता चकचकीत पत्र्याचे क्रॅश बॅरिअर आलेत. गाडी ओढ्यात जाऊ नये म्हणून ते चांगलेच आहेत, पण ते लावताना मागे चालायला दोन फूट ठेवायचे कुणाला सुचलं नाही. बॅरिअरच्या पलीकडे उतार, अलीकडे ट्रक. तिथे करायचं एकच: पुलाच्या अलीकडे थांबा, दोन्हीकडून जड वाहन नाही बघा, मग एका दमात पार करा. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला हे सांगून बघा.

आणि बायपास! गावाकडून सरळ शहरात शिरणारा रस्ता बायपासने आडवा कापला. दुभाजक कमरेएवढा, कट बंद. भुयारी मार्ग अर्धा किलोमीटर बाजूला, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. म्हणजे सरळ पन्नास पावलांसाठी जाऊन-येऊन एक किलोमीटर वाढला. कुठलाही माणूस दुभाजकावरूनच चढणार, आणि मेला तर पेपरात येणार, 'बेदरकारपणे रस्ता ओलांडताना'.

इथे कुणीतरी शहाणा विचारतोच, मग पायवाटेने जा ना, जवळ पडतं. पायवाट होती. गाव नकाशा काढा, त्यात ती तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते, पायमार्ग म्हणून, रुंदी सव्वाआठ फूट. जमिनीवर शोधा. मशागतीच्या वेळी दोन्हीकडचे फाळ दरवर्षी वीतभर आत येतात. आधी सव्वाआठचे चार फूट होतात, मग बांध उरतो, मग बांधावरही ठिबकच्या नळ्या येतात. दिवाळीच्या सुमाराला ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्याच्या पाती गालाला, दंडाला कापतात. कराड-शिराळा पट्ट्यात उसात बिबट्या आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्यातून आठवीतली पोर एकटी पाठवणार?

वाट अडवली तर कायदा आहे. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६, कलम ५. तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. आता सांगा, जी वाट दरवर्षी वीतभर खाल्ली जाते ती अडवली नेमकी कुठल्या तारखेला? जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ लोक हटकून सुचवतात, पण ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून रस्ता देण्यासाठी आहे, तालुक्याला चालत जाणाऱ्यासाठी नाही. पाणंद रस्त्यांच्या योजनाही ट्रॅक्टर शेतात जावा म्हणून. चालणारा माणूस कुणाच्याच फायलीत नाही.

जागा नाही, पैसा नाही, हे तर ऐकवूच नका. आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणारे पालखी मार्ग रुंद करताना वारकऱ्यांना चालायला कडेने वेगळी वाट आराखड्यातच धरली. उत्तम केलं, हात जोडून सांगतो. म्हणजे चालणाऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला जागा काढता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे! मग आषाढात चालणारा माणूस माऊली आणि श्रावणात पिशवी घेऊन चालणारा अडथळा, हे कसं काय?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विनाअडथळा फूटपाथ हा पादचाऱ्याचा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे. शहरात निदान फूटपाथ खाल्ला म्हणून भांडता येतं. आमच्याकडे खायलाच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ कलम आलं: रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल निकषांप्रमाणे न ठेवल्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला दंड. किती? एक लाखापर्यंत. बस्स.

ओरडून साइडपट्टी भरत नाही, तेव्हा कागदावर या. आधी रस्ता कुणाचा ते बघा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. चुकीच्या दारात अर्ज गेला की महिना वाया. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागायचं एवढंच: त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापं लिहायचं सरकारी पुस्तक) साइडपट्टीच्या नोंदींच्या प्रती, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. उत्तराला तीस दिवस. तोवर टेप घेऊन दोघं-तिघं जा, दर दोनशे मीटरला पट्टीची रुंदी आणि काँक्रीटच्या कडेचा खड्डा मोजा, किलोमीटरचा दगड फोटोत येईल असे फोटो काढा. मोजमाप पुस्तकातला मुरूम आणि जागेवरची काळी माती शेजारी-शेजारी ठेवून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. हे सगळं दोष दायित्वाची मुदत संपायच्या आत, कारण तोवरची दुरुस्ती ठेकेदाराच्या खिशातून होते. मुदत टळली की तीच साइडपट्टी नव्या निविदेत, नव्या पैशात निघेल, आणि जेसीबी पुन्हा त्याच चारीतली माती उकरेल.