दार उघडं ठेवून बाहेर वॉचमन

परवा भाच्याच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर सहज नेटस्टॅट (मशीनवर काय काय उघडं आहे ते दाखवणारी कमांड) मारून दाखवलं. विंडोजच. त्याने वायफाय जोडून फक्त ब्राउझर उघडला होता, तरी १३५, ४४५ ही पोर्टं (नेटवरून आत यायची नंबर घातलेली दारं) लिसनिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या हाकेची वाट बघत उघडी. "मामा, मी तर काहीच चालू केलं नाही!" अरे बाबा, तेच तर दुखणं आहे, कुणी न मागता सर्व्हिसेस आधीच चालू करून देतात.

आता लगेच कुणीतरी म्हणेल फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारा वॉचमन) आहे की पुढे. आहे, पण विंडोज एक्सपी २००१ ला आलं तेव्हा फायरवॉल होती आणि बंद होती, आरपीसी (दुसऱ्या मशीनवरून इथलं काम करून घ्यायची, १३५ वर ऐकणारी सर्व्हिस) मात्र चालू. ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर नावाचा वर्म (आपणहून पसरणारा व्हायरस) त्याच १३५ मधून शिरला, ना मेल उघडायची ना कुठे क्लिक करायचं, नुसतं नेट जोडलं की खेळ खल्लास, मशीन रीस्टार्ट होण्याआधीचं ते साठ सेकंदांचं उलटं घड्याळ ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. ते भोक बुजवणारा पॅच जुलैमध्येच आला होता हो, पण तो उतरवायला नेट जोडायचं आणि नेट जोडलं की वर्म आत! पुढच्या वर्षी सॅसर वर्म ४४५ मधून आला, मग कुठे ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली.

लिनक्सवाल्यांनी हसू नका, जानेवारी २००१ ला रामेन वर्म रेड हॅट लिनक्स ६.२ आणि ७.० वर असाच एफटीपी (फाइल पाठवणं), एनएफएस (फाइल शेअर करणं), प्रिंटिंगच्या सर्व्हिसमधून फिरला होता.

"सगळं बंद ठेवलं तर नवख्याला त्रास होतो" हे नेहमी ऐकू येणारं कारण मला पटतच नाही. हवी असलेली सर्व्हिस बंद असेल तर माणसाला दोन मिनिटांत कळतं, तो शोधतो, चालू करतो. नको असलेली चालू असेल तर त्याला जन्मात कळत नाही. एसएमबीचं (विंडोजमधली नेटवर्कवरून फाइल शेअर करायची, ४४५ वरची पद्धत) जुनं व्हर्जन १ असंच कुणाला नको असताना वर्षानुवर्षं चालू राहिलं, मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या वर्मने त्यातूनच धुमाकूळ घातला आणि जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या वर्मने न्हावाशेव्याचं, मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल ठप्प केलं (त्याच्याकडे चोरलेल्या पासवर्डचा रस्ताही होता, ते वेगळं). त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमधून एसएमबी १ चा सर्व्हर काढला. म्हणजे काढता येत होता ना?

एक अपवाद मला मान्य आहे. क्लाउडवरच्या मशीनला मॉनिटरच नसतो, तिथे एसएसएच (दुरून लॉगिन करायची सर्व्हिस) चालूच लागणार. पण रास्पबेरी पायवाल्यांनी (हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर) २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तेही बंद केलं. तेव्हा हवं असेल तर बूटच्या पार्टिशनमध्ये (कार्डाचा मशीन सुरू करणारा भाग) ssh नावाची रिकामी फाइल टाकायची, बस. सगळ्यांचा पासवर्ड रास्पबेरीच असायचा म्हटल्यावर दुसरं काय करणार!

भाचा आता सुटलाय, जे दिसेल ते बंद करतोय. काल प्रिंट स्पूलरवर हात टाकला, म्हटलं थांब, आईला उद्या गावच्या गाडीचं तिकीट प्रिंट करायचंय.