कप्तानाच्या दालनातला मासा आणि इतर आक्षेप

सप्रेम नमस्कार.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथांच्या मालिकांमधील यानांच्या कप्तानांच्या दालनांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: जिथे एकेक किलो वजन मोलाचे, तिथे सोफा, जाडजूड ग्रंथ आणि माशाची टाकी ठेवणे हास्यास्पद आहे, लष्करी शिस्तीच्या जहाजावर कप्तानाला असे दिवाणखानावजा दालन कोणी देत नाही, आणि मुळात स्टुडिओच्या गोदामातून उचलून आणलेल्या सामानात मी नसलेला अर्थ शोधत बसलो आहे. यातला वाद घालण्याजोगा आक्षेप खरे तर तिसरा आहे, त्यामुळे पहिले दोन लवकर आवरतो.

वजनाचा हिशेब आजच्या रॉकेटांना लागू आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या स्टार ट्रेक मालिकेतले एंटरप्राइझ-डी हे हजाराहून अधिक माणसांचे, मुलाबाळांसकट प्रवासाला निघालेले यान आहे आणि तिथे चहासुद्धा कपासकट यंत्रातून तयार होऊन येतो. अशा यानावर एका पुस्तकाचे वजन कोण मोजणार? पण कल्पनेतले यान बाजूला ठेवून आजचेच उदाहरण घेऊ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन झ्वेझ्दा विभागात, जिथे खरोखरच ग्रॅमचाही हिशेब ठेवतात, तिथे गागारिन आणि रॉकेटशास्त्राचे आद्य प्रवर्तक त्सिओल्कोव्हस्की यांची छायाचित्रे भिंतीवर लावलेली आहेत. माशांचे म्हणाल तर 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर आणि 2012 पासून आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या जपानी प्रयोगशाळेतील खास टाकीत मासे राहून आले आहेत. ते प्रयोगासाठी होते, शोभेसाठी नव्हते, हे मान्य. तरी अंतराळात मासा ही कल्पना आपण म्हणता तितकी अचाट नाही.

लष्करी शिस्तीच्या मुद्द्यात अधिक तथ्य आहे. मोठ्या युद्धनौकांवर ब्रिजला, म्हणजे जिथून नौका चालवली जाते त्या कक्षाला, लागून कप्तानाची एक छोटी ‘सी केबिन’ असते. बिछाना, टेबल, फोन, बस्स. समुद्रावर असताना तो तिथे पडतो आणि हाक आली की चार पावलांत ब्रिजवर येतो. पाहुण्यांसाठीचे प्रशस्त दालन निराळे असते आणि ते बंदरात असताना वापरतात. आपल्या मनातले चित्र पहिल्या खोलीचे आहे. मालिकेने दोन्ही खोल्या एकत्र केल्या आणि ब्रिजशेजारची जागा पहिल्या खोलीची, तर सामान दुसरीचे, असा मेळ घातला, हे निरीक्षण आपण नोंदवले असतेत तर मी लगेच मान डोलावली असती. मात्र लढाऊ जहाजावर ऐसपैस दालन नसतेच, हे विधान टिकत नाही. ट्रफाल्गरच्या लढाईत (1805) ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे निशाण ज्या जहाजावर होते, ते ‘व्हिक्टरी’ आज पोर्ट्समथला जतन केलेले आहे. त्यावरच्या ‘ग्रेट केबिन’मध्ये जेवणाचे लांब टेबल आहे, खुर्च्या आहेत, मागे खिडक्यांची रांगच आहे. लढाईची वेळ आली की मधल्या लाकडी भिंती काढत, सामान तळघरात रवाना करत आणि त्याच दालनात तोफा धडाडत. ऐश्वर्य आणि युद्ध एकाच खोलीत नांदत होते, फक्त पाळीपाळीने.

आता तिसरा आक्षेप. सजावट गोदामातून आली की कलाकाराच्या मनातून, याने तिचा अर्थ ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. दूरचित्रवाणी मालिकेतले नेपथ्य हे रंगमंचावरच्या नेपथ्यासारखे एका रात्रीत वाचून संपत नाही. ‘द नेक्स्ट जनरेशन’ 1987 ते 1994 अशी सात वर्षे चालली, तिचे 178 भाग झाले आणि तिच्यातल्या कप्तान पिकार्डची ‘रेडी रूम’, म्हणजे ब्रिजशेजारची कचेरी, हा तिच्या कायमच्या सेटांपैकी एक होता. पहिल्या वर्षी हर्मन झिमरमन नेपथ्यकार होते, दुसऱ्या वर्षापासून रिचर्ड जेम्स आले. दोन माणसे, एक टेबल आणि एक दार एवढ्यावर प्रसंग उभा राहत असल्यामुळे तो सेट खर्चालाही परवडणारा होता, हे उघड आहे. मूळ मालिकेत (1966 ते 1969) अशी खोलीच नव्हती. तिच्यातल्या कप्तान कर्कपुढे सही करायचे कागद ब्रिजवर त्याच्या खुर्चीपाशी आणले जात आणि खासगी बोलणे व्हायचे ते त्याच्या राहत्या खोलीत. म्हणजे कप्तानाला कचेरी मिळाली तीच मुळी वीस वर्षांनी, आणि ती मिळाल्याबरोबर कप्तान बदलला. कर्क ब्रिजवर सर्वांदेखत निर्णय घेतो, पिकार्ड माणसाला आत बोलावतो.

हे ‘आत बोलावणे’ माझ्या लेखाचा गाभा होते आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. दाराशी घंटी वाजते, आतून एका शब्दात परवानगी मिळते, दार सरकते आणि आलेला अधिकारी टेबलासमोर उभा राहतो. त्याला बसायला सांगितले जाते की नाही, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर की सोफ्यावर, कप्तान उठून चहा घ्यायला जातो की टेबलामागेच बसून राहतो, यावरून पुढचे संभाषण कोणत्या पातळीवर होणार हे संवाद सुरू होण्याआधीच कळते. आपण ज्या सोफ्याला हसलात तो नसता तर त्या खोलीत दोनच प्रकारची बोलणी शक्य होती: हुकूम आणि खरडपट्टी. कप्तानाच्या दालनाची सजावट कप्तानाच्या आवडीसाठी असते असे आपण गृहीत धरले आहे. मला ती दारातून आत येणाऱ्यासाठी मांडलेली वाटते. सरकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीवर पसरलेला पांढरा टॉवेल साहेबांच्या पाठीसाठी असतो, असे आपल्याकडे तरी कोणी मानत नाही.

आता त्या ‘जाडजूड ग्रंथा’कडे वळू. शेक्सपिअरच्या नाटकांची ती सचित्र एकत्रित आवृत्ती त्या खोलीत उघडी मांडलेली असते. पहिल्याच वर्षी (1987) ‘हाइड अँड क्यू’ या भागात क्यू हा सर्वशक्तिमान उपद्रवी प्राणी त्या खोलीत अवतरतो आणि तेच पुस्तक हाती घेऊन त्यातल्या वचनांनी पिकार्डला डिवचू पाहतो. त्यावर पिकार्ड ‘हॅम्लेट’मधले माणसाच्या थोरवीचे प्रसिद्ध भाषण त्याला ऐकवतो, आणि तेही मूळ नाटकातला उपरोध वगळून, जणू तो मनुष्यजातीचा जाहीरनामाच असावा अशा निष्ठेने. पुस्तक गोदामातून आले असेल. पण ज्या क्षणी ते वादातले हत्यार झाले, त्या क्षणापासून ते सजावट राहिले नाही, आणि पुढची सात वर्षे ते नुसते दिसले तरी तो वाद आठवतो.

याचे उलट उदाहरण म्हणजे मासा. लिव्हिंगस्टन हा तो काटेरी परांचा लायनफिश भिंतीतल्या गोल टाकीत फिरत असतो आणि सात वर्षांत त्याच्यावाचून अडले असा प्रसंग मला आठवत नाही. जीवमात्राच्या प्रतिष्ठेबद्दल इतके बोलणाऱ्या मालिकेत एक जीव काचेत कोंडून शोभेला ठेवणे विसंगत आहे, अशी हरकत खुद्द पिकार्डची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट यांनी घेतली होती. त्या खोलीतली सर्वांत कच्ची गोष्ट मासाच आहे, हे मलाही वाटते. आपल्याला तो पाण्याच्या वजनामुळे खटकतो, मला तो पिकार्डच्या तोंडच्या भाषणांमुळे खटकतो.

गंमत अशी की या माशाचे एकमेव सार्थक त्याच्या हकालपट्टीत झाले. 1992 च्या ‘चेन ऑफ कमांड’ या दोन भागांच्या कथेत पिकार्ड गुप्त मोहिमेवर जातो आणि जेलिको नावाचा कडक कप्तान यान ताब्यात घेतो. तो यानाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी रायकर याला ज्या गोष्टी फर्मावतो त्यांत मासा खोलीतून हलवण्याचा हुकूमही असतो. प्रेक्षकांनी त्याला तिथेच खलनायक ठरवले. पण टाकी काढायला लावणाऱ्या जेलिकोने भिंतीवर काय लावले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे: स्वतःच्या मुलाने काढलेली हत्तींची चित्रे. समुपदेशक ट्रॉय आत येते तेव्हा तो ती चित्रे लावत असतो, मुलाबद्दल दोन शब्द बोलतो, क्षणभर बाप दिसतो, आणि त्याच भेटीत तिला यापुढे गणवेशात येण्याचे बजावतो. हा माणूस मायाळू आहे की हेकट, हे लेखकांनी संवादातून ठरवून टाकलेले नाही. भिंत एक सांगते आणि खुर्चीतला माणूस दुसरे सांगतो. याला आपण गोदामातले सामान म्हणणार असाल तर आपल्यातला मतभेद मिटण्यासारखा नाही.

दालनाच्या नुसत्या जागेतूनही पुष्कळ सांगता येते. अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या ‘डीप स्पेस नाइन’ या स्टार ट्रेक मालिकेच्या पहिल्या भागात (1993) नवा प्रमुख सिस्को स्थानकावर दाखल होतो, तेव्हा प्रमुखाची कचेरी संचालन कक्षाच्या वर, पायऱ्या चढून गेल्यावर आहे असे त्याला दिसते. बाकीच्यांनी मान वर करून आदराने पाहावे यासाठीच हे, असे तो लगेच ओळखतो, कारण स्थानक बांधले आहे ते कार्डेशियन या जुलमी राजवटीने. (सिस्को तेव्हा कप्तान नव्हता आणि स्थानक म्हणजे यान नव्हे, हे आपण दाखवून द्यालच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) त्या दरारा निर्माण करणाऱ्या कचेरीत सिस्को टेबलावर बेसबॉलचा एक चेंडू ठेवतो. 1997 मध्ये युद्धात स्थानक सोडावे लागते तेव्हा तो चेंडू मुद्दाम तिथेच ठेवून जातो, आणि जिंकून आत आलेल्या डुकॅट या कार्डेशियन सेनानीला एका नजरेत निरोप कळतो: मी परत येणार आहे. पत्र नाही, धमकी नाही, एक चेंडू.

आपण शेवटी विचारले आहे की मग वास्तववादी दालन कोणते. आपल्याला हवे तसे एक आहे: ‘एंटरप्राइझ’ (2001 ते 2005) मालिकेतील कप्तान आर्चरचे. ती इतकी अरुंद जागा आहे की आडव्या तुळईखालून जाताना आर्चरला डोके वाकवावे लागते. पाणबुडीच म्हणा ना. आणि तरीही तिथल्या भिंतीवर एंटरप्राइझ नावाच्या जुन्या जहाजांची चित्रे आहेतच. ऐसपैसपणा काढून घेतला तरी माणूस भिंत रिकामी ठेवत नाही.

जेलिकोबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या तिसऱ्या आक्षेपाला माझ्या मते पुरेशी आहे. कथेच्या उत्तरार्धात त्याने रायकरला पदावरून दूर केलेले असते. नेमकी त्याच वेळी एका धोक्याच्या कामगिरीसाठी रायकरइतका कसलेला वैमानिक त्याला दुसरा मिळत नाही. हुकूम सोडून तो रायकरला आपल्या दालनात उभा करू शकला असता. तसे न करता तो स्वतः रायकरच्या खोलीवर जातो. हुद्दे बाजूला ठेवू, असे तो म्हणतो, मग दोघे एकमेकांना मनातले कडू सत्य सुनावतात, आणि शेवटी जेलिकोला रायकरला विनंती करावी लागते. हा प्रसंग टेबल, चित्रे आणि घंटीचे दार असलेल्या खोलीत घडू शकला नसता, हे लेखकांना आणि दिग्दर्शकाला पक्के ठाऊक होते. हाच प्रसंग मनातल्या मनात कप्तानाच्या दालनात हलवून पाहा, आणि त्यातले कोणते वाक्य तिथे टिकते ते मला अवश्य कळवा.