मोकळ्याच असता ना?

आज सकाळी साडेदहाला एका कार्यक्रम करणाऱ्या पोराचा फोन आला. नुकतीच रियाज आटोपून उठले होते, कढईत पोहे परतत होते.

"ताई, जुलैत वर्षाऋतूचा कार्यक्रम करतोय. पावसाचे राग, पाच मल्हार. मेघ, गौड, मियाँ, सूर, रामदासी. दीड तास, मध्ये निवेदन, मागे पडद्यावर पाऊस. उन्हाळ्यात काय, तुम्ही मोकळ्याच असता ना? टाका बसवून."

टाका बसवून! अहो, गणपतीसुद्धा दहा दिवस बसतो. तुम्हाला पाच मल्हार दीड तासात उठवायचेत, तेही निवेदनासकट.

पोहे खालून लागले. तसेच खाल्ले. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे आपलेच आहात.

तर, माझं मोकळेपण. दिवाळी ते गुढीपाडव्याची पहाट, हा आमचा हंगाम. गाडीत झोपायचं, हॉटेलात वाफ घ्यायची, जे तयार आहे तेच पुन्हा पुन्हा गायचं. नवीन काही डोक्यात शिरायला जागाच नसते. ती जागा होते एप्रिल-मेमध्ये. पहाटे पाचला खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, पाऊण तास मंद्र सप्तकाच्या खाली उतरायचंच फक्त. यंदा पट्टीही, म्हणजे गाण्याचा मूळ सूरही उतरवला, पेटीच्या पांढरी सहावरून काळी चारवर. वय झालं, गळ्याने सांगितलं, ऐकलं. अर्धाच सूर, पण पंचवीस वर्षांच्या सवयीची प्रत्येक तान पायरी चुकल्यासारखी पडते. त्यात या कोरड्या हवेत तानपुऱ्याच्या खुंट्या सटकतात. खडू लावायचा, पिळायची, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवायचा, तोवर पंचमाची तार पुन्हा खाली. यात आंबा मोजून, बर्फ बंद. मोकळीच आहे मी.

आणि मल्हार मे महिन्यात का? हे मला १९९६ साली कळलं.

एस. वाय.ची परीक्षा संपली आणि वडिलांनी मला मिरजेला माझ्या गुरूंकडे, बुवांकडे नेऊन सोडलं. बुवा ग्वाल्हेर घराण्याचे. विष्णु दिगंबर पलुस्कर याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, ही गोष्ट ते अशी सांगायचे की जणू मागच्या आठवड्यात शेजारच्या वाड्यात घडली होती. दुपारी दोनला तालीम. पत्र्याखाली. पंखा बंद, कारण तानपुऱ्यावर वारा नको. पहिल्याच दिवशी मियाँ मल्हार काढला. मी म्हटलं, "बुवा, बाहेर ऊन मी म्हणतंय." ते म्हणाले, "मग काय तहान लागल्यावर विहीर खणणार का तू?"

आणि महिनाभर काय दिलं? कोमल गंधार, एवढा एकच स्वर. बंदिश नाही, तान नाही. ग म रे सा. तो गंधार मध्यमाच्या आधाराने झुलवायचा. मी गायचे, ते समोर अडकित्त्याने सुपारी कातरत बसायचे. कटक्, कटक्. मध्येच मान न उचलता: "हा दरबारीत गेला." कटक्. "आता बहार झाला." कटक्. बस्स, एवढंच शिकवणं.

न गाणाऱ्यांसाठी सांगते. बहार आणि मियाँ मल्हार हे दोन वेगळे राग, पण स्वर तेच. तोच कोमल गंधार, तेच दोन्ही निषाद. वहीत लिहिलंत तर वेगळे काढताना तारांबळ उडेल. वेगळे होतात ते चालीत. बहार मध्यमावर उड्या मारत वर पळतो. मियाँ मल्हार खाली मंद्रात शिरतो, दोन निषाद धैवताच्या अंगाने एकमेकांना घासत षड्जाकडे येतात, आणि तो गंधार ढगासारखा जडपणे हलतो. दरबारी रागाशी तर सख्ख्या भावासारखा चेहरा, धैवत शुद्ध लागला की मगच ओळख पटते. हे सगळं गळ्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला एक उन्हाळा जातो. एका रागाचा. आणि या फोनवाल्या पोराला पाच हवेत, शेजारी शेजारी, अठरा-अठरा मिनिटांचे. तिलवाड्यासारख्या संथ तालाचं एक आवर्तन नीट भरेपर्यंत त्याच्या निवेदिकेची कविता सुरू होईल.

बरं, त्याचंही खरं आहे. हॉलचं भाडं, तिकिटं, लोकांना तासभर एक राग सोसत नाही. आणि मीही असले कार्यक्रम केलेत, घराचे हप्ते चालू असताना तर तीन केले. एकदा पडद्यावरच्या विजेला टाळ्या पडल्या, मी तेव्हा समेवर चुकले होते. कुणालाच कळलं नाही. त्या रात्री झोप आली नाही, मानधन मात्र मोजून घेतलं.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. पोरगा वाईट नाही. त्याला वाटतं आमच्या गळ्यात सगळं भरलेलंच असतं, बटण दाबलं की येतं. माझ्या शिष्यांनाही तसंच वाटायला लागलंय. तालीम फोनवर रेकॉर्ड करतात आणि बस पकडतात. रेकॉर्डिंग वाईट नाही, आम्हाला मिळालं असतं तर आम्हीही केलं असतं. पण त्या फोनमध्ये अडकित्ता नाही ना.

तेविसाव्या दिवशी अडकित्ता थांबला होता. मी गंधार घेतला आणि कटक् आलंच नाही. पुन्हा घेतला. शांत. डोळे उघडायची हिंमत नव्हती. पत्रा तापून तडतडत होता, मागच्या अंगणात कुणीतरी बादली ओतली, आणि मला खात्री पटली की लागला, गंधार लागला. बुवा म्हणाले, "आज पुरे." सायकलवरून घरी येताना रस्त्याभर रडले.

त्या एका शांततेवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. मग एका गुरुपौर्णिमेला, बुवा खूप थकलेले असताना, धीर करून विचारलंच. "बुवा, त्या दिवशी तुम्ही थांबलात, म्हणजे लागला होता ना?"

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "अगं, सुपारी संपली असेल."

आणि हसले. थट्टा होती की खरं, आजतागायत माहीत नाही. विचारायला आता ते नाहीत. म्हणून दर मे महिन्यात बसते आणि पुन्हा तो गंधार घेऊन बघते. आजही घेतला, दहाच्या सुमारास, फोनच्या आधी. दरबारीत गेला.

(आमच्या धंद्यात कार्यक्रमालाही सुपारीच म्हणतात, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. बुवा असते तर यावर पान जमवून हसले असते.)

इतक्यात त्याचा मेसेज आला. "ताई, बरं, तीन मल्हार करू. पाऊस पडद्यावर राहू दे ना?"

वाचला. निळ्या खुणा दिसल्या असतील त्याला. दोन वाजलेत, पंखा बंद करते. खडू कुठे ठेवला कोण जाणे.